कापलेली दोन वाक्यं

जनूभाऊ,

तालुक्याच्या एका साप्ताहिकातून फोन आला होता. तुमच्यावर लिहून द्या म्हणाले. जन्म, शिक्षण, नोकरी, समाजकार्य आणि शेवटी श्रद्धांजलीच्या दोन ओळी. मी लगेच बसले आणि चार ओळींत सगळं संपलं. खाडीकाठच्या गावात मिठागरवाल्यांच्या घरी जन्म, वीज कंपनीत लाइनमन, मग प्रधान तंत्रज्ञ, निवृत्तीनंतर आमदारांना वीज शिकवण्याचं काम. सगळं खरं होतं आणि त्यात तुम्ही कुठेच नव्हतात. तो कागद मी त्यांना पाठवून दिला.

हा दुसरा कागद तुमच्यासाठी आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. मागच्या वर्षीच्या मार्चपासून ती माझ्याजवळ आहे. आज सांगते, उद्या सांगते, आज भाऊंची तब्येत बरी नाही, आज वहिनी समोर आहेत, असं करत मी दिवस काढले आणि अकरा दिवसांपूर्वी तुम्ही चहाचा कप अर्धा ठेवून गेलात. मला एकदम त्या गोष्टीवर येता येत नाही. थोडं इकडचं तिकडचं बोलू द्या. तुम्हाला माझी सवय होतीच.

आठवतं ना, हे सगळं सुरू कसं झालं? कामोठ्याच्या त्या सभेला एक आमदार पाहुणे म्हणून आले होते. आपले नव्हेत, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे, पहिल्यांदाच निवडून आलेले. माइकवर म्हणाले, तुमच्या आमदारांना सांगून महिन्याभरात इथल्या सगळ्या तारा जमिनीखाली घेतो. टाळ्या पडल्या. मी उपअभियंता म्हणून नुकतीच निवृत्त झाले होते. मागच्या रांगेत बसून नाक मुरडलं, यापलीकडे काही केलं नाही. तुम्ही उभे राहिलात. "सायब, तार कुठनं कुठं जाते ती बघितली हाय का तुमी? उद्या सकाळी या. मी दाखवतो." लोक हसले, आमदारही हसले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते खरंच आले, पांढरेशुभ्र बूट घालून.

मीही गंमत बघायला आले होते. तुम्ही त्यांना उपकेंद्रात खुर्चीवर टेकूसुद्धा दिलं नाहीत. "बसाचा मंग. आधी फीडर चालाचा." लाइनमन गस्तीला निघतात तसं उपकेंद्रातून निघालेल्या एका वाहिनीखालून, खांबामागून खांब, शेवटच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपर्यंत पायी. सेक्टरांच्या मागच्या गल्ल्यांतून, जुन्या गावातून, मग खाडीच्या चिखलाकडेनं. वाटेत कुठे केबलचा जोड उघडा पडलेला, कुठे कोणी खांबाला गॅलरी टेकवलेली, कुठे तारेत पिंपळ वाढलेला. तुम्ही कशावरच भाषण दिलं नाहीत. नुसते थांबत होतात. तुम्ही थांबलात की तेही थांबायचे आणि वर बघायचे. शेवटच्या डीपीशी पोचलो तेव्हा त्यांचे बूट घोट्यापर्यंत काळे झाले होते. तुम्ही विचारलंत, "मंग सायब, म्हैन्यात जाईल ही खाली?" ते म्हणाले, "नाही हो." "झाला तर. चला, आता चहा घेऊ."

नोकरीत सहा वर्षं मी तुमची साहेब होते, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तुम्हाला काय येतं. मी घरी येऊन त्या आमदारांसाठी एक पान लिहून काढलं: वीज तयार कोण करतं, वाहून कोण आणतं, वाटतं कोण, दर कोण ठरवतं, आणि यांतल्या कुठल्या दारात आमदाराने जायचं. तुम्ही ते वाचलंत आणि म्हणालात, "म्याडम, बराबर हाय, पन लय इस्त्री केलेला हाय." तेव्हापासून तशीच वाटणी झाली. तुम्ही चालवायचं, मी लिहायचं. नऊ वर्षं. अधिवेशनाच्या आधी कोणी ना कोणी यायचंच. आमदार, जिल्हा परिषदेचे सदस्य, एकदा तर एका समितीचे चौघे गाडीतून उतरले आणि त्यातल्या एकाने चप्पल बदलायला परत गाडी गाठली.

काय एकेक प्रश्न यायचे! उरणला वीज तयार होते, ती आमच्या डोक्यावरून जाते, मग आमच्याकडचीच वीज का जाते? ट्रान्सफॉर्मर जरा पलीकडच्या वॉर्डात सरकवता येईल का? मी गालात हसायचे. तुम्ही कधी हसला नाहीत. हसू आलं तरी खाली बघून चप्पल झटकायचात. माघारी मला मात्र झापायचात. "त्यांना येत नाय म्हनून ते आले. तुमी हसल्या तर परत येनार नाय. मंग कायदा कोन करील? तुमी?" मला राग यायचा.

पाण्याच्या टाकीवरून तर आपलं कायमचं भांडण. मी माझ्या पानात लिहायचे, की वीज म्हणजे नळातल्या पाण्यासारखी, दाब म्हणजे टाकीची उंची. सगळी पुस्तकं असंच शिकवतात. तुम्ही ते खोडायचात. मी परत लिहायचे, तुम्ही परत खोडायचात. एकदा मी चिडून म्हटलं, त्यात चुकीचं काय आहे ते तरी सांगा. तुम्ही म्हणालात, "पानी सांडला तर दिसतो. वीज सांडली तर मानूस दिसत नाय." मी टाकी काही सोडली नाही. पुढच्या पानात ती परत होती. ते भांडण तसंच राहिलं, जनूभाऊ. आता टाकी लिहायला मोकळी आहे मी, आणि लिहवत नाही.

ते दुसरं एक होतं ना, तुम्ही प्रत्येक फेरीच्या शेवटी करायचात. शेवटच्या डीपीशी उभं करून आमदाराच्या हातात अर्थिंगचा रॉड द्यायचात. जड लागतो तो. बिचारे दोन्ही हातांनी धरायचे. मग तुम्ही सांगायचात, की लाइन बंद केली म्हणजे झालं नाही. बंद तारेतसुद्धा वीज मागच्या दाराने येते. कोणाच्या इमारतीत जनरेटर असतो, आता गच्चीवर सौरवीज असते. मेन स्विच न काढता ती चालू केली, की तीच वीज घरातून उलटी तारेत येते आणि वर चढलेला माणूस जातो. म्हणून चढायच्या आधी तार जमिनीला जोडायची, आणि जनरेटरवाल्या प्रत्येक इमारतीत चेंजओव्हर स्विच हवा, म्हणजे एका वेळी एकच वीज घरात येईल. हे सांगताना तुमचा आवाज खाली यायचा. मला वाटायचं, दमले चालून.

तुम्हाला ते कायद्यात हवं होतं, किंवा निदान सभागृहात कोणीतरी बोलायला हवं होतं. नऊ वर्षांत तुम्ही स्वतःसाठी एवढं एकच मागितलंत. मला म्हणालात, "दोनच वाक्य टाका म्याडम. तुमच्या भाषेत टाका." मी टाकली. "वाहिनी बंद असली तरी ती निर्धोक समजली जाऊ नये. जनरेटर अथवा सौरवीज असलेल्या प्रत्येक इमारतीत चेंजओव्हर स्विच आणि त्याची दरवर्षी तपासणी सक्तीची करावी." तुम्ही ती वाचलीत, पुन्हा वाचलीत आणि पहिल्यांदाच काही खोडलं नाहीत.

मागच्या वर्षी मार्चमध्ये त्याच, पांढऱ्या बुटांच्या आमदारांना अर्थसंकल्पावरच्या चर्चेत बोलायला मिळणार होतं. आपलं पान त्यांच्याकडे जायचं होतं. आदल्या दिवशी दुपारी त्यांच्या पीएचा फोन आला. "मॅडम, तीनच मिनिटं मिळतायत. एकच पान, त्यातही थोडं कमी करा ना प्लीज." मी पान समोर घेतलं. वरती नव्या उपकेंद्रांच्या जागांचा परिच्छेद होता. सेक्टर वाढतायत, लोड वाढतोय, पण उपकेंद्राला भूखंड राखून ठेवला जात नाही, वगैरे. खाली तुमची दोन वाक्यं.

मी दोन वाक्यं कापली.

तुम्हाला फोन केला नाही. केला असता तर तुम्ही म्हणाला असतात, वरचा कापा. मला ते ठाऊक होतं, म्हणूनच केला नाही. तेव्हा मनाशी म्हटलं, एका भाषणात एकच मुद्दा ठसतो. शिवाय जनरेटरवर सक्ती म्हटलं की सोसायट्या चिडतील, मंडपवाले चिडतील, आमदार बिचकतील. ही सगळी कारणं बरोबर आहेत. पण खरं कारण ते नव्हतं. वरचा परिच्छेद माझा होता. चांगला जमला होता. तो सभागृहात ऐकायचा होता मला.

विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीचे पास दोन होते. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आलात. आमदार उभे राहिले तेव्हा तुम्ही पुढे सरकून रेलिंगवर हात ठेवलेत. माझा परिच्छेद त्यांनी छान वाचला, बाकं वाजली. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. मग ते "धन्यवाद, अध्यक्ष महाराज" म्हणून खाली बसले आणि तुम्ही तसेच पुढे वाकून राहिलात. पुढचा सदस्य बोलायला लागला तरी तुमचा हात रेलिंगवरच होता.

बाहेर पडल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "वेळ कमी पडला आसंल नाय?" मी म्हटलं, "हो, वेळच कमी पडला असेल."

तुम्हाला लाँचनं जायचं होतं. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला, तिथून पुढे बसने. "जरा वारा लागल," म्हणालात. लाँचमध्ये टोपल्या घेऊन निघालेल्या चार कोळणी होत्या आणि आपण. अर्धी खाडी ओलांडली. मग तुम्ही पाण्याकडे बघत बोलायला लागलात, आणि माझ्या पायाखालची फळी सरकली.

बाळाराम तुमचा जोडीदार होता, एवढं मला माहीत होतं. खांबावरून पडून गेला, एवढंही. ती माझ्या आधीची गोष्ट. कोणाच्या तरी जनरेटरची उलटी वीज आली, असं फाइलीत होतं. तुम्ही म्हणालात, "कोनाच्या तरी नाय, म्याडम. आमच्याच."

तुमच्या पुतणीची हळद होती. तुम्ही रजेवर, मांडवात यजमान. संध्याकाळी तारेवर झाड पडलं म्हणून लाइन बंद केलेली आणि बाळाराम गावाबाहेरच्या खांबावर चढलेला. मांडवात बेंजोवाले ताटकळलेले, बायका चूल सोडून बाहेर आलेल्या. मंडपवाल्याने जनरेटर आणला आणि तुम्हाला विचारलं, घराला जोडू का सरळ? "मी बोललू, जोड. मेन काढलास का, एवढाच इचारायचा राहिला. हजार लोकांना इचारला आसंल मी ता आयुष्यात. घरच्या हळदीत राहिला." दिवे लागले. सगळ्या मांडवाने आरोळी ठोकली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. "आनि तवा मना दिसला, शेजारच्या आळीतले दिवे पन लागले. आपल्या जनरेटरवर त्यांचे दिवे कशे लागतील, म्याडम? मी लाइनमन. मना तवाच कळला पायजे होता. मी टाळ्याच वाजवत होतू." क्षणभरात जनरेटर दमून बंद पडला. पण तो क्षण पुरला होता.

चौकशीत तुम्ही बोलला नाहीत. मंडपवालाही बोलला नाही. बाळारामच्या बायकोला अजून माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "तेच्या नावाची ती दोन वाक्य होती. आज वेळ पुरला नाय. पुढच्या टायमाला बघू."

जनूभाऊ, त्या लाँचवर माझ्याजवळ अर्धा तास होता. तुम्ही तुमचं इतक्या वर्षांचं काढून माझ्यासमोर ठेवलं होतंत. मला फक्त म्हणायचं होतं, वेळ कमी पडला नाही, मी कापली. सहा शब्द. मी तुमच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की." मोरा आलं, कोळणी उतरल्या, तुम्ही मला हात देऊन धक्क्यावर घेतलंत.

त्यानंतर तुम्ही बदललात. पान वाचायचात पण खोडायचा नाहीत. मला वाटलं, वय झालं. छातीचं दुखणं सुरू झालं तेव्हा वाटलं, आजारपणामुळे असेल. संध्याकाळी माझ्याकडे यायचात, आमच्या नवीन पनवेलच्या गॅलरीत बसायचात, आणि सगळं बोलून झालं तरी उठायचा नाहीत. "आनखी काय, म्याडम?" मी म्हणायचे, काही नाही. मग थोडा वेळ थांबून पुन्हा, "आनखी काय?" मला कधीकधी कंटाळा यायचा, जनूभाऊ. मनात म्हणायचे, आता उठतील तर बरं.

परवा तुमच्या दहाव्याला आमदार आले. साध्या चपलांत आले होते. वहिनींपाशी बसले, मग ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, मार्चच्या भाषणात भाऊंची दोन वाक्यं होती. ती मी कापली होती. त्यांना मी तुमच्याकडे वेळ नव्हता असं सांगितलं. तुमच्यावर उगाच आळ आला. माफ करा."

ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "मॅडम, त्यांना माहीत होतं. भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या ऑफिसला आले होते. मला वाटलं, आता ओरडणार. तर म्हणाले, सायब, कागद बघू जरा. मी फाइलमधून काढून दिला. त्यांनी वाचला, घडी घालून परत दिला."

मी विचारलं, "काही बोलले?"

"मीच म्हटलं, मॅडमना फोन लावू का? तर एकदम म्हणाले, नको. आमच्या तायला काय बोलू नका. गप रावाला काय लागतं ते मना म्हाईत हाय. तिचा तिला सांगायचा आसंल तवा सांगल. मी हाय."

तुम्ही मला कधी ताय म्हटलं नाहीत. समोर कायम म्याडमच. ओट्यावर चटई होती, मी तिचा काठ धरून बसले. वहिनी आतून विचारत होत्या, चहा टाकू का. आमदार हळू आवाजात म्हणाले, की पुढच्या अधिवेशनात ते यावर अशासकीय विधेयक आणतील, मसुदा मी लिहून द्यावा, आणि त्यांना ते उलट्या विजेचं परत एकदा नीट समजावून सांगावं, कारण प्रश्न विचारले गेले तर उत्तर देता यायला हवं. मी हो म्हटलं. मसुदा मी लिहीन. फीडरही चालेन, गुडघे दुखले तरी. बाळारामच्या बायकोला काय सांगायचं ते मला कळत नाही. ते तुमचं होतं, आणि ते तुम्ही माझ्याजवळ ठेवून गेलात.

पण त्या दिवसापासून मला एकच दिसतं. सव्वा वर्षातल्या त्या सगळ्या संध्याकाळी. तुम्ही गॅलरीत बसलेले, सगळं माहीत असलेले, आणि मी काही नाही म्हणते आहे. नऊ वर्षं तुम्ही माझी एक चूक सोडली नाहीत. टाकीसाठी माझ्याशी दोन-दोन दिवस अबोला धरलात. मग यासाठी का नाही भांडलात? एकदा ओरडायचं होतंत. मी रडले असते, तुम्हाला उलटं बोलले असते, आणि सुटले असते. तुम्ही मला जपलंत. ते मला सहन होत नाही.

जनूभाऊ, वेळ कमी पडला नव्हता. मी कापली ती दोन वाक्यं. माझा परिच्छेद राहावा म्हणून कापली, आणि लाँचवर तुमचं सगळं ऐकून घेऊनसुद्धा गप्प बसले. तुम्हाला हे माहीत होतं ते मला आता कळलंय. पण तुम्हाला ते माहीत असणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं. मी सांगावं म्हणून तुम्ही थांबला होतात. मी आत्ता सांगितलं.